बंदुकीच्या अपघातांचा उतरता आलेख आणि उशाजवळचे पिस्तूल

अमेरिकेत २०२३ या एका वर्षात बंदुकीच्या गोळीने ४६ हजार ७२८ लोकांचा बळी घेतला. त्यापैकी २७ हजार ३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे १८ हजार खून. 'अपघाती' म्हणून नोंदले गेलेले मृत्यू होते फक्त ४६३, म्हणजे शंभरात एक. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या शेजारी हा आकडा सहज नजरेआड होतो. पण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना त्यात मोठा रस आहे. कारण १९३० च्या दशकात याच देशात दरवर्षी अडीच ते तीन हजारांच्या आसपास माणसे बंदुकीच्या अपघातात मरत होती आणि तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या होती साडेबारा कोटींच्या आसपास. आज ती ३३ कोटींच्या पुढे आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले, तर नव्वद वर्षांत अपघाती मृत्यूंचा दर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आहे.

या घसरणीचे श्रेय घ्यायला बरेच जण पुढे येतात. बंदूकधारकांच्या संघटना म्हणतात, आमच्या प्रशिक्षणाचे हे फळ. बंदूक उत्पादक सुरक्षित बनावटीकडे बोट दाखवतात. नियंत्रणाचा आग्रह धरणारे म्हणतात, अपघात घटले म्हणून बंदूक निरुपद्रवी ठरत नाही. वाद जुना आहे. आलेख नेमका कशामुळे उतरला आणि आता उरलेले अपघात कुठे घडतात, हे पाहिल्याशिवाय त्यात अर्थ सापडत नाही.

रानातले अपघात

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुकीचा अपघात म्हटला, की अनेकदा डोळ्यांसमोर यायची ती शिकार. पहाटेच्या धुक्यात झुडूप हलले, हरीण समजून नेम धरला आणि गोळी साथीदाराला लागली. कुंपण ओलांडताना रायफलचा चाप अडकला आणि बार उडाला. ग्रामीण अमेरिकेत लांब नळीची बंदूक हे शेतातल्या अवजारासारखे घरगुती साधन होते आणि पोरेसोरेही ती हाताळत.

या अपघातांवर दोन साधे उपाय लागू पडले. पहिला प्रशिक्षणाचा. १९३७ च्या केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पुढे १९७० मध्ये या पैशातून शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही निधी मिळू लागला. न्यूयॉर्कसारख्या राज्याने तर १९४० च्या दशकाच्या अखेरीसच नवशिक्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण बंधनकारक केले होते. दुसरा उपाय रंगाचा. १९६० च्या दशकापासून एकेक राज्य शिकाऱ्यांना झगझगीत नारिंगी जाकीट किंवा टोपी सक्तीची करू लागले. यामागचे शास्त्र सोपे आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. हिरव्या-तपकिरी रानात माणसाला नारिंगी रंग लांबून खुपतो, हरणाला मात्र तो मळकट दिसतो. शिकार हातची जात नाही आणि साथीदार वाचतो.

याच काळात शिकारच ओसरत गेली. लोक गावातून शहरात आणि उपनगरांत आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील सर्वेक्षणांत साधारण तीनपैकी एका अमेरिकी घरात कुणी ना कुणी शिकार करणारे होते. २०१६ च्या केंद्रीय सर्वेक्षणात देशभरात मिळून सव्वा कोटीहूनही कमी शिकारी भरले. रानात बंदूक घेऊन फिरणारेच कमी झाल्यावर रानातले अपघातही कमी होणार, हे उघड आहे.

तिसरा वाटा वैद्यकाचा. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाने दुर्लक्षिलेला आजार असल्याचे सांगणारा अहवाल काढला. त्यानंतर रुग्णवाहिकांमध्ये प्रशिक्षित माणसे आली, १९६८ मध्ये '९११' हा तातडीचा क्रमांक सुरू झाला, कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत शिकलेले जखमी हाताळण्याचे तंत्र नागरी रुग्णालयांत उतरले. पूर्वी वाटेतच दगावणारा जखमी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचू लागला. म्हणून मृत्यू ज्या प्रमाणात घटले त्याच प्रमाणात अपघात घटले, असे मानता येत नाही. जो वाचला, तो या आलेखातून बाहेर पडला. त्याच्या मणक्याला किंवा पायाला कायमची इजा झाली असली तरी.

मोजणीतली गोम

चौथे कारण कागदावरचे आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या अपघाती मृत्यूंची नोंद २,८९६ होती. पुढच्याच वर्षी ती २,४०० च्या खाली आली. एका वर्षात अमेरिकी माणूस एवढा सावध झाला नव्हता. १९६८ पासून मृत्यूच्या कारणांचे नवे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण लागू झाले आणि त्यात 'हेतू अनिश्चित' असा स्वतंत्र रकाना आला. पूर्वी शंकास्पद मृत्यू अपघातात टाकले जात. त्यातले काही आता या रकान्यात गेले.

लहान मुलांच्या बाबतीत ही गोम जास्त गंभीर आहे. चार वर्षांच्या मुलाने खेळताना चाप ओढला आणि दोन वर्षांची बहीण गेली, तर हा अपघात की हत्या? सामान्य माणूस अपघातच म्हणेल. पण अमेरिकेतले अनेक शवचिकित्सक दुसऱ्याच्या हातून झालेला मृत्यू हेतू न पाहता 'हत्या' म्हणून नोंदवतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१३ मध्ये काही राज्यांतल्या मुलांच्या मृत्यूंची एकेक नोंद तपासली. तेव्हा बंदुकीच्या अपघातात गेलेल्या मुलांची खरी संख्या सरकारी आकड्याच्या सुमारे दुप्पट निघाली. उलट बाजूही आहे. मोठ्यांच्या काही आत्महत्या आणि दुसऱ्याने घडवलेले मृत्यू अपघाताच्या रकान्यात शिरतात, असे हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे एकूण बेरीज फारशी चुकत नसली, तरी आतली माणसे बदलतात आणि मुले त्यातून गळतात.

ही दुरुस्ती व्हायलाही उशीर झाला. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रोग नियंत्रण केंद्राच्या निधीला एक अट जोडली: बंदूक नियंत्रणाचा प्रचार किंवा पुरस्कार करण्यासाठी हा पैसा वापरायचा नाही. संशोधनाला उघड बंदी नव्हती, पण अधिकारी इतके बिचकले की या विषयाचा निधी दोन दशके जवळपास आटला. २०२० च्या अर्थसंकल्पात तो पुन्हा सुरू झाला, अडीच कोटी डॉलरचा. दरम्यान २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसक मृत्यूंची सविस्तर नोंदणी करणारी राष्ट्रीय यंत्रणा काही राज्यांत सुरू झाली होती. तिच्यात मृत्यूचा दाखला, पोलिसांचा तपास आणि शवविच्छेदनाचा अहवाल एकत्र जोडला जातो. या यंत्रणेमुळेच आज उरलेल्या अपघातांचे चित्र स्पष्ट झाले आहे.

अपघात आता घरात

रोग नियंत्रण केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये या नोंदणीतून निघालेला एक अहवाल प्रसिद्ध केला. २००३ ते २०२१ या काळात १७ वर्षांपर्यंतच्या १,२६२ मुलांचे अपघाती गोळीने झालेले मृत्यू त्यात तपासले आहेत. मृतांत ८३ टक्के मुलगे होते. २९ टक्के मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान. ८५ टक्के घटना कुणाच्या तरी घरात घडल्या, निम्म्याहून अधिक तर मुलाच्या स्वतःच्या घरात. तीनपैकी दोन वेळा हत्यार होते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. तीनपैकी दोन वेळा गोळी सुटली ती खेळताना किंवा दुसऱ्याला बंदूक दाखवताना. बंदूक कशी ठेवली होती याची माहिती मिळाली, तिथे साधारण चारपैकी तीन वेळा ती भरलेली आणि कुलपाबाहेर होती. मुलांना ती सर्वाधिक वेळा सापडली कुठे? पलंगाशेजारच्या टेबलात, गादीखाली, झोपायच्या जागेजवळ.

यामागे अमेरिकी माणसाचा बंदूक बाळगण्याचा हेतूच बदलला आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत १९९९ साली बंदूकधारकांपैकी ४९ टक्के लोकांनी मुख्य कारण शिकार सांगितले होते, संरक्षण सांगणारे २६ टक्के होते. २०२३ मध्ये संरक्षण हे महत्त्वाचे कारण असल्याचे ७२ टक्के धारकांनी सांगितले. प्रश्नांची शब्दरचना थोडी वेगळी असली तरी कल स्पष्ट आहे. शिकारीची बंदूक हंगामापुरती बाहेर निघते, एरवी रिकामी करून ठेवली तरी मालकाचे काही अडत नाही. संरक्षणाची बंदूक रोज हाताशी लागते. चोर आलाच तर कुलूप उघडून गोळ्या भरायला वेळ कुठला, या विचाराने ती भरलेली असते आणि उशाजवळ असते. मुलांच्या हातीही तीच लागते.

करोनाकाळात याची प्रचिती आली. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ दरम्यान सुमारे ७५ लाख अमेरिकी प्रौढांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. त्यांतले ५० लाखांहून अधिक जण आधी बंदूक नसलेल्या घरात राहत होते. अपघाती मृत्यू २०१८ मध्ये ४५८ होते, ते २०२१ मध्ये ५४९ झाले. पुढे ते पुन्हा खाली आले, पण अनेक दशकांचा उतरता आलेख आपोआप उतरतच राहतो हा समज या काळात खोटा ठरला.

उपदेश आणि बनावट

मुलांना समजावून सांगितले की काम भागते, असे बहुतेक पालकांना वाटते. 'बंदूक दिसली तर हात लावू नको, मोठ्यांना सांग.' हा उपदेश किती टिकतो, याची परीक्षा अटलांटातील संशोधकांनी घेतली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत बसवले. खोलीतल्या खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ४८ मुलांना ते सापडले. ३० मुलांनी ते हाताळले. १६ मुलांनी गोळी सुटावी इतक्या जोराने चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला बंदुकीबाबत सुरक्षेचे धडे मिळाल्याचे सांगितले. सापडलेले पिस्तूल खरे की खेळण्यातले, हेही निम्म्याजवळ मुलांना नीट कळले नव्हते.

मोठ्यांची समजही पक्की नसते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढले की पिस्तूल रिकामे झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एक गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात आधीच चढलेली असू शकते आणि बहुतेक पिस्तुले मॅगझिनशिवायही ती झाडतात. १९९० च्या दशकातील एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश अमेरिकी नागरिकांना हे ठाऊक नव्हते. 'मला वाटलं रिकामी आहे' हे वाक्य अशा अपघातांच्या पोलिस जबाबांत म्हणूनच पुन्हा पुन्हा येते.

यावर यांत्रिक उपाय आहेत आणि ते जुने आहेत. कप्प्यात गोळी असल्याची खूण बाहेरून दाखवणारी कळ, मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी रचना, हातातून पडल्यावर गोळी सुटू न देणारी आडपट्टी. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९१ मध्ये हिशेब मांडला होता. लहान मुलाला चाप ओढता येऊ नये अशी रचना आणि गोळी असल्याची खूण, या दोनच गोष्टी असत्या तर तपासलेल्या अपघाती मृत्यूंपैकी ३१ टक्के टळू शकले असते.

मग त्या सक्तीच्या का झाल्या नाहीत? १९७० च्या कायद्यानंतर औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणे आली आणि घरातल्या विषबाधेने मरणाऱ्या मुलांची संख्या घटली. १९७२ मध्ये ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग स्थापन झाला. खेळणी, पाळणे, सायकली, सगळ्यांची बनावट त्याच्या कक्षेत आली. बंदूक मात्र कायद्यानेच कक्षेबाहेर ठेवली गेली. खेळण्यातल्या बंदुकीत दोष आढळला तर आयोग ती बाजारातून परत मागवू शकतो, खऱ्या बंदुकीबाबत त्याला तो अधिकार नाही. २००५ च्या कायद्याने पिस्तूल विकताना सोबत कुलूप देणे बंधनकारक केले, पण ते वापरायचे की नाही हे विकत घेणाऱ्यावर सोडले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने नव्या पिस्तुलांना गोळीची खूण आणि मॅगझिनशी जोडलेला अडसर यांची अट घातली, तेव्हा तिला न्यायालयात आव्हान मिळाले.

कुलपाचा हिशेब

बनावटीचा रस्ता अडल्यावर उरते ते घरातले कुलूप. त्याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या गेल्या: बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, गोळ्या कुलपात ठेवणे आणि गोळ्या वेगळ्या जागी ठेवणे. प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांच्या अपघाती गोळीबाराचा आणि किशोरांच्या आत्महत्येचा धोका कमी आढळला.

मुलाच्या हाती बंदूक लागली तर मालकाला जबाबदार धरणारा पहिला राज्य कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. अशा बारा राज्यांचा अभ्यास १९९७ मध्ये झाला, तेव्हा पंधरा वर्षांखालच्या मुलांचे अपघाती मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शिक्षा कडक, तिथे परिणाम जास्त. रँड कॉर्पोरेशनने बंदूकविषयक कायद्यांच्या संशोधनाचा जो आढावा चालवला आहे, त्यात अनेक कायद्यांच्या परिणामांबाबत पुरावा अपुरा ठरतो. मुलांपासून बंदूक दूर ठेवण्याच्या कायद्यांना मात्र त्यात सर्वांत वरच्या पायरीचा पुरावा मिळतो.

याच फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांनी रुग्णांना घरातल्या बंदुकीबद्दल विचारण्यावर निर्बंध घालणारा कायदाही केला. बालरोगतज्ज्ञ पालकांना पोहण्याच्या तलावाभोवती कुंपण आहे का, गाडीत मुलाची खुर्ची आहे का हे विचारू शकत होते, पिस्तूल कुठे असते हे विचारणे अडचणीचे झाले. केंद्रीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये या निर्बंधांचा मुख्य भाग रद्द केला.

कुलपाविरुद्धचा आक्षेप सरळ धुडकावण्यासारखा नाही. रात्री घरात कुणी शिरले, तर किल्ली शोधणे अवघड जाईल, ही भीती बंदूक घेणाऱ्याला खरी वाटते. त्याला उत्तर म्हणून बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांच्या कळांनी काही सेकंदांत उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या बाजारात आहेत. त्या बिघडू शकतात, महागही असतात. पण क्वचित येणाऱ्या चोराच्या तयारीसाठी रोज घरात वावरणाऱ्या मुलाचा धोका पत्करायचा का, हा हिशेब प्रत्येक घराला मांडावाच लागतो. २०२१ च्या पाहणीनुसार सुमारे ४६ लाख अमेरिकी मुले अशा घरांत राहत होती, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती.

या कुलपाचे मोल फक्त ४६३ मृत्यूंपुरते नाही. निराशेच्या एखाद्या तासात किशोरवयीन मुलाला हाताशी बंदूक मिळाली, तर वाचण्याची संधी फार थोडी उरते. तो तास टळला तर बहुतेकांचे आयुष्य पुढे सरकते. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्डच्या शाळेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चौघांना ठार केले, तेव्हाही प्रश्न घरातल्या पिस्तुलाचाच होता. २०२४ मध्ये त्याच्या आई-वडिलांनाही न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले आणि त्याच वर्षी त्या राज्यात बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा लागू झाला. अपघात, आत्महत्या आणि शाळेतला गोळीबार यांचे रकाने वेगळे असले, तरी टेबलाचा न लावलेला खण अनेकदा एकच असतो.

विचारायला संकोच नको

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय बातमीपुरता नाही. स्वतःच्या घरात बंदूक नसली तरी न्यू जर्सी असो की टेक्सास, मुले मित्रांकडे खेळायला आणि रात्री राहायला जातात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते, मुलाला पाठवण्याआधी यजमानांना विचारा: घरात बंदूक आहे का? असल्यास ती रिकामी आणि कुलपात आहे का? शेंगदाण्याची ॲलर्जी, पाळलेला कुत्रा यांबद्दल बोलतो तसाच हा प्रश्न. विचारायला अवघड वाटते, कारण आपल्याकडे कुणाच्या घरातल्या गोष्टींची चौकशी करणे अशिष्ट मानले जाते. पण तिथे हा प्रश्न रुळलेला आहे.

भारतात परवानाधारी बंदुका तुलनेने कमी आहेत आणि कायदा कडक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि लग्न-मिरवणुकीतल्या आनंदाच्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली. तरी परवान्याने अपघात टळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी परवानाधारी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते.

अमेरिकेतला उतरता आलेख एक गोष्ट नक्की शिकवतो. रानातले अपघात घटले, कारण तिथे नियम, रंग आणि प्रशिक्षण यांची सक्ती झाली आणि शिकाऱ्यांनी ती स्वीकारली. घरातल्या पिस्तुलाबाबत तशी सक्ती अजून मोजक्या राज्यांत आहे, बाकी ठिकाणी सगळे मालकाच्या मर्जीवर चालते. ज्या मुलाला गोळी लागते, त्याच्या हाती यातले काहीच नसते.